आतल्या काचेवरचं वन-वे व्हिजन आरपार दिसतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बैठकीची खोली, स्वागतकक्ष, प्रदर्शनाचं दालन, व्यायामशाळा अशा ठिकाणच्या आतल्या काचांवर ‘वन-वे व्हिजन’ नावाची भोकांची छापील फिल्म लावली जाते. पुढून फक्त चित्र दिसावं आणि आतल्याला मात्र बाहेरचं दिसावं, ही अपेक्षा. दुसऱ्याच दिवशी तक्रार येते : चित्र फिकं दिसतंय आणि पलीकडची माणसं स्पष्ट दिसताहेत. अशा वेळी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. फिल्म अजून लावली नसेल तर ‘५०/५० घ्यायची की ७०/३०’ हा प्रश्न आणि त्यापुढचे दोन-तीन आधी वाचा. लावून झाली असेल तर सुरुवातीपासून वाचा.

बाहेरच्या काचेवर हीच फिल्म भिंतीसारखी दिसते. मग आतल्या पार्टिशनवर आरपार का दिसतं?

कारण या फिल्मच्या अंगात एकतर्फी असं काहीच नसतं. व्हिनाइलला, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ चिकट पत्र्याला, साधारण दीड मिलिमीटरची भोकं पाडलेली असतात. पुढची बाजू छपाईसाठी पांढरी असते, मागची काळी. भोकातून उजेड दोन्हीकडे सारखाच जातो-येतो. ‘वन-वे’ हे नाव फिल्मला मिळालंय, काम मात्र उजेडातला फरक करतो.

भर उन्हात बाहेर १,००,००० लक्सच्या (लक्स हे पडणारा उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो आणि ढगाळ दुपारीही १०,००० च्या घरात. आत कामाच्या खोलीत ३०० ते ५०० लक्स. बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यांत छापलेल्या भागावरून इतका उजेड शिरतो की भोकांतून येणारा खोलीतला मंद उजेड त्यात बुडून जातो. आतल्या पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना ४०० लक्सच असतील तर कोण कुणाला बुडवणार?

रंगमंचावर पातळ जाळीदार पडदा पाहिला असेल. पुढून प्रकाश टाकला की त्यावरचं रंगवलेलं दृश्य दिसतं. पुढचा प्रकाश काढून मागे उभ्या नटावर टाकला की पडदा जणू नाहीसाच होतो. तुमच्या पार्टिशनवर हे दोन्ही प्रकाश एकाच वेळी चालू आहेत, एवढंच.

म्हणजे किती फरक हवा? आकड्यांत सांगा.

ढोबळ हिशेब करू. काचेत हरवणारा थोडा उजेड धरत नाही. फिल्म ५०/५० म्हणजे निम्मी भरीव, निम्मी उघडी. छपाई फिकट रंगाची, पडलेल्या उजेडातला ८० टक्के परत फेकणारी. पलीकडच्या वस्तू, म्हणजे भिंत, कपडे, टेबल वगैरे, सरासरी ५० टक्के परत फेकणाऱ्या. दोन्हीकडे ४०० लक्स.

चित्राकडून येणारा उजेड : ४०० × ०.८ × ०.५ = १६०. पलीकडून येणारा : ४०० × ०.५ × ०.५ = १००. म्हणजे १.६ ला १. चित्र आणि खोली जवळपास तोडीस तोड दिसणार, आणि तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

बाहेरच्या काचेवर ढगाळ दिवशी हेच प्रमाण ४००० ला १०० होतं, म्हणजे ४० ला १. आपल्याला हा १.६ चा आकडा शक्य तितका वर न्यायचा आहे. १० च्या पुढे गेला की बघणाऱ्याची नजर चित्रावर थांबायला लागते, असा आमचा अनुभव आहे. खाली जे जे उपाय येतील त्यांचा परिणाम याच हिशेबावर मोजत जाऊ.

फिल्म लावून झाली आहे. काढायची नाही. पहिलं पाऊल कोणतं?

दिवे. एक पैसाही खर्च करण्याआधी पलीकडच्या खोलीतले काचेजवळचे दिवे बंद करून पुढच्या बाजूला येऊन उभे राहा. बहुतेकांना इथेच अर्धं उत्तर मिळतं.

मागच्या खोलीतला उजेड ४०० वरून २०० लक्सवर आला तर गळती, म्हणजे पलीकडून येणारा उजेड, १०० वरून ५० वर येते आणि प्रमाण लगेच ३.२ होतं. त्यासाठी खोली अंधारी करायची गरज नाही. छतावरच्या एकसारख्या दिव्यांऐवजी टेबलावर पडणारा दिवा ठेवा, काचेलगतची दिव्यांची ओळ वेगळ्या बटणावर घ्या, डिमर बसवा.

मग पलीकडे काय काय चकाकतंय ते शोधा. सरासरी उजेडापेक्षा हे चकाकते ठिपकेच जास्त दगा देतात. उघडा ट्यूबलाइट, पार्टिशनकडे तोंड केलेला मॉनिटर, पांढरा फळा या गोष्टी भोकांतून पहिल्यांदा दिसतात, कारण आजूबाजूच्या वस्तूंच्या मानाने त्या कितीतरी उजळ असतात. मॉनिटरचं तोंड वळवा. दिव्याला असं आच्छादन लावा की दिवा काचेच्या पुढून थेट दिसणार नाही.

सगळ्यांत वाईट परिस्थिती म्हणजे पार्टिशनच्या मागच्या खोलीला बाहेरची खिडकी असणं. दिवसा त्या खिडकीतून उजेड येतो आणि मधली माणसं काळ्या सावल्यांसारखी चित्रावर फिरताना दिसतात. असं असेल तर फिल्मशी झटापट करण्यात अर्थ नाही, त्या खिडकीला ब्लाइंड्स लावा. हा उपाय इतका सरळ आहे की तो कुणाला सुचतच नाही. सगळे फिल्मकडे बघत बसतात.

पुढून स्पॉटलाइट मारले. तरी पलीकडचं जास्तच दिसायला लागलं. असं कसं?

स्पॉटलाइट समोरून सरळ मारले असणार. फिल्म निम्मी उघडी आहे, म्हणजे तुम्ही टाकलेल्या प्रकाशातला जवळपास निम्मा भाग भोकांतून पलीकडे जातो आणि तिथल्या माणसांना छान उजळवतो. ज्याला लपवायचं त्याच्यावरच टॉर्च मारल्यासारखं.

दिवा काचेच्या जवळ, वर छताला आणि उभ्या तिरक्या कोनात हवा. प्रकाश काचेवरून घासत खाली आला पाहिजे. मग भोकांतून गेलेला प्रकाश पलीकडे काचेच्या पायथ्याशी जमिनीवर पडतो, माणसांपर्यंत जात नाही. तिथली जमीन किंवा सतरंजी गडद असेल तर आणखी बरं. या कोनाचा दुसरा फायदा म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. मात्र अगदीच घासून टाकलेल्या प्रकाशात फिल्मखालचा प्रत्येक बुडबुडा आणि धुळीचा कण उठून दिसतो. त्यामुळे चिकटवण्याचं काम स्वच्छ झालेलं हवं.

पुढचा उजेड ४०० वरून ८०० वर आणि मागचा २०० वर : चित्र ३२०, गळती ५०. प्रमाण ६.४. फिल्मला हातही न लावता १.६ वरून इथवर आलो.

मागे काळा कागद किंवा पडदा लावला तर?

आरपार दिसणं पूर्ण थांबेल, आणि आतून बाहेरचं दिसणंही. चित्र थोडं गडद होईल, कारण प्रत्येक भोक आता काळा ठिपका आहे. पांढरा कागद लावला तर उलट होतं. भोकं पांढरी दिसतात, चित्र उजळतं पण रंग धुतल्यासारखे होतात. दोन्हींत काळा किंवा गडद राखाडी बरा, रंगांचा दम तरी टिकतो.

पण आतून बाहेर बघायचंच नसेल तर भोकांची फिल्म हवीच कशाला? साधं भरीव व्हिनाइल छापा. चित्र दुप्पट चांगलं येतं. भोकांची किंमत निम्म्या चित्राने मोजायची आणि मग त्या भोकांमागे कागद चिकटवायचा, हा उलटा व्यवहार आम्ही अनेकदा पाहिलाय.

पडद्याचा एक उपयोग मात्र खरा आहे. बैठक चालू असताना ओढायचा, एरवी उघडा ठेवायचा. त्यासाठी गडद रंगाचा, दाट विणीचा पडदा घ्या.

काचेच्या मागच्या बाजूला टिंट फिल्म लावली तर चित्रही गडद होईल ना?

नाही. टिंट म्हणजे आरपार दिसणारी पण उजेड कमी करणारी गडद फिल्म. आतल्या काचेसाठी यासारखा दुसरा उपाय नाही, असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा छापील फिल्म काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर आहे, म्हणजे बघणारा ज्या बाजूला उभा आहे तिकडे. टिंट काचेच्या मागच्या पृष्ठभागावर. चित्रावर पडणारा उजेड छपाईवर आपटून तिथूनच परत येतो. तो टिंटपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे चित्राचं तेज तसंच राहतं. पलीकडून येणाऱ्या उजेडाला मात्र टिंटमधून यावंच लागतं. ३५ टक्के उजेड सोडणारी राखाडी टिंट घेतली तर आधीच्या उदाहरणातली ५० ची गळती १७.५ वर येते. प्रमाण ६.४ वरून १८ च्या पुढे. शिवाय पुढच्या दिव्यांचा जो प्रकाश भोकांतून आत जाऊन माणसांना उजळवत होता, तोही बराचसा टिंटमध्ये अडतो.

आतल्या माणसाचं काय? त्याला बाहेरचं दृश्य थोडं मंद दिसेल, पण अस्पष्ट नाही. गॉगल घातल्यावर रस्ता दिसतो तसं. फिल्मची मागची बाजू काळीच असल्यामुळे डोळे लवकर सरावतात.

आता सावधगिरीच्या गोष्टी. टिंट राखाडीच घ्या. निळसर किंवा तांबूस घेतली तर भोकांना तो रंग येतो आणि चित्राची त्वचा, आकाश, पांढरा कागद सगळं किंचित आजारी दिसतं. आरशासारखी चकचकीत फिल्म टाळा. ती ज्या बाजूला जास्त उजेड त्या बाजूला आरसा होते, म्हणजे प्रत्येक भोकात तुमच्याच दिव्यांचं चंदेरी प्रतिबिंब चमकतं आणि चित्रावर राखेसारखा थर बसल्याचा भास होतो. काचेवर थेट ऊन पडत असेल तर गडद फिल्म लावण्याआधी काच कोणती आहे ते तपासा. टफन (तापवून मजबूत) न केलेली साधी काच असमान तापून तडकू शकते. आतल्या पार्टिशनवर सहसा ऊन येत नाही, पण काचेचं छप्पर असलेल्या मोठ्या दालनांत येतं.

आणि एक अट : छापील फिल्म काचेच्या मागे, आतून चिकटवलेली असेल तर हा उपाय असाच चालत नाही. टिंट पुढच्या बाजूला लावली तर उजेड चित्राकडे जाताना एकदा आणि परत येताना दुसऱ्यांदा टिंटमधून जाणार. ३५ टक्क्यांचे १२ टक्के उरणार, म्हणजे चित्रच मरणार. फिल्मच्या काळ्या पाठीवर टिंट चिकटवता येते, पण प्रत्येक भोकात हवा अडकण्याचा धोका असतो. तिथे मागे थोडं अंतर सोडून वेगळी राखाडी अॅक्रिलिक पॅनेल उभी करणं किंवा रोलर ब्लाइंड बसवणं सोपं.

५०/५० घ्यायची की ६०/४० की ७०/३०?

आतल्या काचेसाठी उघडा भाग जितका कमी तितकं बरं. म्हणजे ७०/३०. आधी खात्री करून घ्या की पुरवठादार कोणता आकडा भरीव भागाचा म्हणतोय. सहसा पहिला आकडा भरीव, दुसरा उघडा. पण उलट लिहिणारेही भेटतात. सरळ विचारा : उघडा भाग किती टक्के?

हिशेब बघा. पुढे ८००, मागे २०० लक्स, मागे ३५ टक्क्यांची टिंट आणि ७०/३० फिल्म : चित्र ४४८, गळती १०.५. प्रमाण ४० च्या पुढे. ढगाळ दिवशी बाहेरच्या काचेवर जे मिळतं, तेच आता आत मिळालं. आतून बाहेर बघताना दृश्य ५०/५० पेक्षा नक्कीच मंद आणि जाळीदार वाटतं. पण आतल्या पार्टिशनमधून ‘बाहेर कुणी आलंय का’ एवढंच बघायचं असतं. तेवढ्याला ३० टक्के पुरतात.

डिझाइनमध्ये काही करता येतं का?

खूप. आणि हे फुकट आहे, फक्त छापण्याआधी करावं लागतं.

चित्र उजळ हवं. गडद निळ्या रंगाची मोठी पट्टी बाहेरच्या काचेवर रुबाबदार दिसत असेल, पण आतल्या उजेडात ती ५-१० टक्केच उजेड परत फेकते. वरच्या पहिल्या उदाहरणात घालून बघा : ४०० × ०.०५ × ०.५ = १०, आणि गळती १००. त्या निळ्या जागेत तुमच्या चित्रापेक्षा पलीकडची खोली दहापट उजळ आहे. ती पट्टी म्हणजे चित्रातलं भगदाड. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा लोगो ही मागणी आली की आम्ही आधी हा हिशेब दाखवतो, मग वाद होत नाही.

दुसरं म्हणजे गजबज. सपाट एकरंगी जागेत पलीकडे हललेला हात लगेच दिसतो. पानं, दगडी भिंतीचा पोत, गर्दी, बारीक नक्षी अशा ठिकाणी तीच हालचाल हरवून जाते. माणसं साधारण ज्या उंचीवर बसतात किंवा चालतात त्या पट्ट्यात उजळ आणि गजबजलेला भाग ठेवा. शांत, रिकामी जागा वर, छताकडे जाऊ द्या.

मजकुराचं वेगळंच दुखणं आहे. ५०/५० फिल्मवर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण २ मिलिमीटर अंतर असतं. त्याहून बारीक रेघ भोकात जाते. रोमन लिपीत फारतर अक्षराची कड कुरतडते, देवनागरीत मात्र अनुस्वाराचा टिंबच गायब होतो आणि ‘बंद’चं ‘बद’ होतं. रफार, हलंत, उकाराची शेपटी यांचंही तेच. टिंब चार-पाच भोकांच्या रुंदीचा होईल इतकं अक्षर मोठं घ्या. बारीक मजकूर हवाच असेल तर भरीव व्हिनाइलवर कापून वरून चिकटवा.

लांबून भोकं दिसतच नाहीत. मग लांबून आरपार दिसायला नको ना?

दिसतं. डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा जो तक्ता केला त्यात निरोगी नजरेची मोजपट्टी आहे एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे डोळ्याला वेगळा ओळखता येणारा बारीक कोन. दीड मिलिमीटरचं भोक सुमारे ५ मीटरवरून तेवढंच दिसतं. त्यापुढे भोकं एकमेकांत मिसळायला लागतात आणि चित्र गुळगुळीत वाटतं. पण भोकांतून येणारा उजेड कुठे जात नाही. तो चित्रात मिसळतो. पलीकडचा माणूस ठिपक्यांमधून न दिसता चित्रावर पसरलेल्या पुसट छायेसारखा दिसतो, इतकंच.

एकावर एक दोन भोकांच्या फिल्म लावल्या तर?

नको. भोकं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. लाटांसारखी विचित्र नक्षी उमटते आणि बघणारा सरकला की तीही सरकते.

फिल्म काचेच्या कुठल्या बाजूला लावावी? लॅमिनेशन करावं का?

बघणाऱ्याच्या बाजूला. बाहेरच्या काचेवर पाऊस, धूळ, खोडसाळ हात यांच्यामुळे कधी कधी ती आतून लावावी लागते. आत पावसाचा प्रश्न नाही. काचेमागून पाहिलेलं चित्र काचेच्या स्वतःच्या प्रतिबिंबामुळे आणि किंचित हिरव्या छटेमुळे मंद होतं, आणि आपल्याला चित्राचा एक-एक टक्का हवाय.

लॅमिनेशन, म्हणजे छपाईवर चढवलेला पारदर्शक थर, आतल्या कामाला सक्तीचं नाही. बाहेर ते पाणी भोकांत शिरू नये म्हणून करतात. येता-जाता हात लागणारी जागा असेल, रोज पुसली जाणार असेल तर करा. तेव्हा चमकत्याऐवजी अगदी स्वच्छ पारदर्शक पण कमी चकाकीचं निवडावंसं वाटेल. मात्र मॅट लॅमिनेशनमुळे आतून बाहेर बघताना सगळं धुकट दिसतं, हे नमुन्यावर आधी पाहून घ्या.

मागे फ्रॉस्टेड फिल्म लावली तर?

आकार विरघळतात, उजेड येत राहतो. पण आतून बाहेरचंही दिसत नाही. आणि भोकांमागे आता दुधाळ, उजळ पांढरं आहे, त्यामुळे मागचे दिवे लागले की रंग फिके पडतात. उजेड हवा, नजर नको, अशा खोलीला हा उपाय चांगला. फक्त काचेला अगदी टेकून उभ्या माणसाची आकृती फ्रॉस्टेडमधूनही कळते.

संध्याकाळी पुढचा भाग बंद होतो, आत काम चालू असतं. तेव्हा?

तेव्हा खेळ उलटतो. पुढे अंधार, मागे उजेड : बाहेरच्याला सगळं दिसतं, आतल्याला काहीच नाही. टिंट असो वा ७०/३०, कुणीही वाचवत नाही. पुढचे काचेवरचे दिवे वेळ लावून चालू ठेवा, नाहीतर पडदा ओढा.

समुपदेशनाची खोली, तपासणीची खोली, कपडे बदलायची जागा इथे चालेल का?

नाही. कुणीतरी एक बटण दाबलं की आडोसा संपतो, अशी वस्तू खासगीपणासाठी वापरू नका. तिथे अपारदर्शक फिल्म किंवा भिंत.

मोठं काम छापण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

प्रत्यक्ष डिझाइनमधला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग निवडून प्रत्येकाचा हातभर तुकडा छापा. त्याच काचेवर, माणसाच्या उंचीला लावा. पलीकडे पांढरा सदरा घातलेल्या एखाद्याला आधी काचेपासून हातभर अंतरावर आणि मग खोलीच्या टोकाला उभं करा, हात हलवायला सांगा. पुढून दोन मीटर आणि सहा मीटरवरून बघा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा. मोबाइलमधलं लक्स मोजणारं अॅप खऱ्या लक्स मीटरइतकं अचूक नसतं, पण पुढच्या आणि मागच्या उजेडाचं प्रमाण काढायला पुरतं, कारण चूक दोन्हीकडे साधारण सारखीच होते.

फोटोवर मात्र निर्णय घेऊ नका. कॅमेरा उजेड स्वतःच्या हिशेबाने जुळवतो. चित्रावर बोट ठेवलं तर मागचं नाहीसं होतं, मागच्या माणसावर ठेवलं तर चित्रच जळून पांढरं होतं. एकाच काचेचे दोन फोटो घेऊन दोघांनी एकमेकांना खोटं ठरवलेलं आम्ही पाहिलंय, आणि दोघांचेही फोटो खरे होते.